उलट्या इस्त्रीवरचं औषध

आमच्या जुन्या फार्मसी कॉलेजची स्मरणिका गेल्या महिन्यात टपालाने आली. तिच्यात सरांच्या वाट्याला पाच ओळी आहेत. जन्मगाव चुकलेलं आहे, विषय बरोबर आहे, आणि शेवटी लिहिलं आहे : ‘विक्षिप्त पण निरुपद्रवी व्यक्तिमत्त्व.’

मी स्मरणिका मिटली, स्वयंपाकघरात जाऊन भाजी फोडणीला टाकली, परत येऊन ती ओळ पुन्हा वाचली. निरुपद्रवी! ज्या माणसाने एका औषध कंपनीला, तिच्या वितरकाला, आमच्या प्राचार्यांना आणि संस्थेच्या अध्यक्षांना दोन उन्हाळे सुखाने बसू दिलं नाही, तो निरुपद्रवी? विक्षिप्त म्हणा, सरांनी स्वतःही ते नाकारलं नसतं. पण त्यांनी दिलेला उपद्रव असा पाच ओळींत पुसून टाकायचा अधिकार यांना कुणी दिला?

म्हणून मी लिहायला बसले आहे. मला लिहिण्याची सवय नाही. मी रावेरकडच्या केळीवाल्या घरातली, घरातली पहिली पदवीधर. जे थोडंफार नीट मांडता येतं ते सरांनीच शिकवलं. ते म्हणायचे, “आधी काय दिसलं ते लिही. काय वाटलं ते नंतर, आणि जागा उरली तर.” आज जागा भरपूर आहे.

आमचं कॉलेज धुळ्याच्या बाहेर, आग्रा रोडला लागून होतं. सर तिथे भौतिकशास्त्र शिकवायचे. फार्मसी कॉलेजात भौतिकशास्त्राचा मास्तर म्हणजे लग्नातला बँडवाला. तो लागतो, पण पंगतीला कुणी बोलावत नाही. त्यांची खोली सगळ्यात टोकाला, पश्चिमेच्या उन्हात होती. एरवी तिथे कुणी फिरकत नसे. एप्रिल-मे महिन्यात तर नाहीच, आणि सरांचा खरा हंगाम नेमका तोच.

बाकीचे प्राध्यापक वाळ्याच्या ताट्या लावून सावलीत बसायचे तेव्हा सर खिडक्या लावून घेत, पंखा बंद करत आणि घामाने निथळत कामाला लागत. त्यांना कोरडी हवा हवी असायची. पावसाळ्यात औषधाच्या भुकटीला ओल धरते आणि विजेला ओलीतून पळवाट मिळते, मग मोजलेलं खरं कुणाचं, भुकटीचं की पाण्याचं, ते कळत नाही. “मोठ्या शहरात यासाठी बंद पेट्या विकत घेतात,” सर अभिमानाने म्हणायचे, “आपल्याला अख्खा खानदेश पेटीसारखा मिळालाय, तोही फुकट.”

त्यांचं उपकरण सांगते. पितळेच्या दोन छोट्या चकत्या, सोनगीरच्या तांबटाकडून करून घेतलेल्या. सर त्या आणायला गेले तेव्हा मी आणि आमच्या प्रयोगशाळेतले नाना, दोघं बरोबर होतो. तांबट चकती तळहातावर ठेवून म्हणाला, “सर, हाई ताटली कोनाकरता शे? बाहुल्यासना लगनकरता का?”

“हो,” सर गंभीरपणे म्हणाले, “आणि नवरदेव फार बारीक आहे, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ताटली सपाट लागते.”

घरी आणून त्यांनी त्या चकत्या काचेवर पॉलिश पेपर ठेवून आठ दिवस घासल्या. दोन चकत्यांच्या मध्ये औषधाची भुकटी दाबून ठेवायची. खाली घरातली जुनी इस्त्री उलटी करून ठेवलेली, तिने भुकटी सावकाश तापवायची, मिनिटाला एक अंश. चकत्यांना बॅटरी जोडायची आणि भुकटीतून जो नखाएवढाही नसलेला प्रवाह जातो तो सरांनी स्वतः जुळवलेल्या मीटरवर वाचायचा. या सगळ्यावर गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा उपडा घातलेला असे, बाहेरच्या विजेची लुडबुड नको म्हणून. मीटरचा काटा थरथरला की सर भुसावळच्या दिशेला बघून म्हणत, “दीपनगरने आज घसा बसवलाय.” सगळ्या खानदेशाची वीज त्या एका वीजघरातून येते आणि मुद्दाम त्यांच्याच काट्याला छळते, असा त्यांचा समज होता.

डब्याला अर्थिंग हवं. त्यासाठी त्यांनी खिडकीबाहेर खड्डा करून मीठ, कोळसा आणि तांब्याचा पत्रा पुरला होता. ती जमीन ओली राहावी म्हणून सर रोज सकाळी तिथे एक बादली पाणी ओतायचे. धुळ्यात तेव्हा चार-चार दिवसांनी नळ यायचा. उघड्या जमिनीला पाणी घालणारा हा माणूस पाहून मुलं म्हणायची, सरांनी तिथे काय पेरलंय आणि ते कधी उगवणार? प्राचार्यांनी पाण्याच्या अपव्ययाबद्दल लेखी खुलासा मागितला. सरांनी लेखी कळवलं, ‘मी माझ्या आंघोळीतली एक बादली कमी केली आहे. त्याचा उपद्रव होत असल्यास जवळ बसणाऱ्यांनी कळवावे.’

पाहा, उपद्रव हा शब्द त्यांनीच वापरला होता.

आणखी एक नियम होता. जमिनीवर खडूची रेघ होती आणि टेरिलिन, नायलॉन नेसलेल्या माणसाला तिच्या आत यायला बंदी होती. आमच्याकडच्या उन्हाळ्यात असले कपडे चटचट करतात, तुम्हाला माहीतच असेल. पहिल्या दिवशी मी मावशीने दिलेला नायलॉनचा ड्रेस घालून गेले तेव्हा सरांनी खुंटीवरचा स्वतःचा खादीचा ॲप्रन माझ्या हातात दिला. तो मी तीन वर्षं वापरला. पण अध्यक्षांना कोण ॲप्रन देणार? ते पाहुण्यांना कॉलेज दाखवत आले, अंगात करकरीत सफारी.

“साहेब, रेघेच्या बाहेर थांबा,” सर मीटरवरची नजर न काढता म्हणाले. “तुमचा सफारी फार बोलतोय.”

पाहुणे हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

माझ्या वडिलांनी मात्र सरांना पहिल्या भेटीतच ओळखलं. ते मला होस्टेलवर भेटायला आले होते. सरांच्या खोलीत त्यांनी डबा, इस्त्री, चकत्या सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, “सर, हे कशासाठी?”

सरांनी उलट विचारलं, “केळीचा घड आतून भरला की नाही हे तुम्हाला कसं कळतं? कापून बघता?”

“छे! कापला तर संपलंच की. शिरा पाहायच्या. केळ चौकोनी दिसतं तोवर कच्चं. शिरा बुजल्या, केळ गोल झालं, की कापायचा घड.”

“मी तेच करतो,” सर म्हणाले. “औषधाचे कण आतून कसे रचलेत ते न फोडता बघायचं. मला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून विजेला विचारतो.”

वडील त्या दिवसापासून त्यांना घड पाहणारे सर म्हणायचे. पुढे प्रत्येक वेळी येताना केळी आणली, पण ती सरांनी कधी एकट्याने खाल्ली नाहीत.

आम्हाला त्यांनी तीच गोष्ट खडीसाखर आणि बत्तासा आणून शिकवली. दोन्ही साखरच. तराजूत घाला, रसायनशाळेत तपासा, शंभर टक्के साखर. आता दोन्ही तोंडात ठेवा. बत्तासा क्षणात विरघळतो, खडीसाखर गालात घोळत राहते. “औषधाचंही असंच असतं,” सर म्हणाले. “तेच औषध दोन तऱ्हांनी घट्ट होतं. एक तऱ्हा पोटात विरघळते, दुसरी जशी गेली तशी बाहेर पडते. आणि तुमचा तपासणीचा कागद दोघांनाही पास करतो.” इस्त्रीवर सावकाश तापवलं की प्रवाहाची रेघ आलेखावर वर चढत जाते आणि एका ठिकाणी मोडते. रचना वेगळी असली की मोडायची जागाही वेगळी. एवढाच सगळा मामला. मला तर तेव्हाही यात वेडेपणाचं काही वाटलं नव्हतं.

आणि शेवटचा नियम, जो मी आयुष्यभर विसरणार नाही. खल वापरायचा नाही.

फार्मसीच्या पोरांना पहिल्या वर्षापासून एकच गोष्ट हातात बसवतात, ती म्हणजे खलणं. काहीही तपासायचं तर आधी खलायचं, चिमटीत मैद्यासारखं लागेपर्यंत. परीक्षेत त्याला गुण असतात. माझा हात वर्गात सगळ्यात चांगला होता आणि मला त्याचा गर्व होता. सर मात्र वाळलेल्या औषधाची ढेकळं पोस्टकार्डाच्या कडेने अलगद मोकळी करायचे. “आधी बुकलून काढायचं आणि मग विचारायचं, बाबा, कसा आहेस? ही चौकीतली पद्धत झाली,” ते म्हणायचे. आम्ही हसायचो. पाठ केल्यासारखं लक्षात ठेवलं होतं, समजलं कुणालाच नव्हतं. खरं तर सरांनाही पुरतं समजलं नव्हतं. त्यांना फक्त संशय होता.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा नानांची चार वर्षांची नात टायफॉइडने आजारी पडली. नाना आमच्याकडे बरण्या धुवायचे, शिरपूर तालुक्यातल्या खेड्यातले. एके सकाळी बरणी हातात तशीच धरून सरांना म्हणाले, “सर, मनी नातले बारा दिन व्हई ग्यात, ताप उतरत नही. औषध ते गोड गोड लागस. औषध कडू नही, ते ताप कसा उतरी?”

हे बोलणं मी आणखी दोघा प्राध्यापकांच्या देखत ऐकलं. ते हसले. त्यातले एक म्हणाले, “नाना, मग कडुलिंब पाजा!” टायफॉइडचं ते औषध मुळात कडू जहर असतं. मुलांनी घ्यावं म्हणून कारखान्यात त्याचं बेचव रूप करून साखरेच्या पाण्यात कालवतात. त्यामुळे गोड लागतं म्हणून ते खोटं ठरत नाही. पण सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “बाटली आहे?”

बाटली आली. सरांनी गाळली, साखर धुवून काढली, खाली राहिलेली पांढरी भुकटी सावलीत वाळवली आणि इस्त्रीवर चढवली. मग शिरपूरच्या एका डॉक्टरांकडून त्याच कंपनीची जुन्या खेपेची, गुण आलेली बाटली मागवून तिचंही तसंच केलं. जुन्या औषधाची रेघ आधी मोडली. नव्याची चार-पाच अंश उशिरा. सात वेळा मोजलं, सातही वेळा तेच. डॉक्टरांनी नानांच्या नातीला मोठ्यांच्या कॅप्सूलमधली कडू पूड मोजून गुळातून सुरू केली आणि आठवडाभरात पोर अंगणात खेळायला लागली.

“एका पोरीवरून काही ठरत नाही,” सर म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने शिरपूरला गेले. डॉक्टरांकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतली आणखी मुलं होती. त्याच खेपेच्या बाटल्या, तोच न हटणारा ताप. सरांनी बाटलीवरचा खेपेचा क्रमांक, दोन्ही आलेख आणि एक पान मजकूर कंपनीला पाठवला. मागणं एकच होतं : ही खेप परत घ्या.

आता सांगायला हवं की त्या कंपनीचे जिल्ह्यातले वितरक आमच्या अध्यक्षांचे सख्खे मेहुणे होते.

कंपनीचं उत्तर आलं, पण सरांना नाही, संस्थेला. औषध रासायनिक तपासणीत पूर्ण शुद्ध आहे, आपले प्राध्यापक इस्त्रीवर औषध तापवून बदनामी करीत आहेत. अध्यक्ष म्हणाले, होऊन जाऊ द्या सर्वांसमोर. कंपनीचा एक अधिकारी आणि बाहेरचे एक प्राध्यापक येणार, सर त्यांच्यासमोर दोन्ही नमुने मोजून दाखवणार, असं ठरलं. फरक दिसला तर संस्था खेप परत घ्यायला लावेल, नाही दिसला तर सरांनी लेखी माफी मागायची. सरांना यात अन्याय दिसला नाही. ते खूश होते. “मोजायलाच सांगताहेत ना? मग?” एवढंच म्हणाले.

पाहुणे आले त्या सकाळी सर ऑफिसात त्यांचं स्वागत करत होते. खोलीत मी एकटी होते. दोन काचेच्या बशांत दोन नमुने, ‘अ’ आणि ‘ब’ अशा चिठ्ठ्या लावलेले. प्राचार्य घाईघाईने डोकावले.

“हे काय? पाहुण्यांसमोर ही ढेकळं ठेवणार? कॉलेजची अब्रू काढता का? जरा नीट करून ठेव पोरी, तुझा हात चांगला आहे म्हणतात.”

मला नियम आठवत होता. मी खोटं सांगणार नाही. पण प्राचार्य सांगत होते, मोठे लोक येणार होते, आणि माझा हात चांगला होता. मला वाटलं, एकसारखी बारीक भुकटी झाली तर रेघ आणखी स्वच्छ येईल, सरांची मान उंच होईल. पाहुण्यांचा नाश्ता लांबला. मी कपाटातून खल काढला, एक नमुना चाळीस मिनिटं खलला, खल पुसला, दुसराही तेवढाच खलला. दोन्ही मैद्यासारखे झाले. मी मनातून खूश होते.

दोन्ही रेघा एकाच ठिकाणी मोडल्या.

बाहेरच्या प्राध्यापकांनी आलेख एकमेकांवर ठेवून उजेडात धरले. एक रेघ दुसरीखाली लपली. कंपनीचा अधिकारी मोठ्याने हसला. “सर, इस्त्री सुलटी करा आणि कपडे करा. घरात उपयोग होईल.”

सरांनी दोन्ही आलेख हातात घेऊन पुन्हा तपासले. मग म्हणाले, “आज फरक दिसला नाही. कारण मला माहीत नाही.” आणि त्यांनी तसंच लिहून सही केली. कुणी दुसरा असता तर मशीन बिघडलं म्हणाला असता, दीपनगरवर ढकललं असतं. सरांनी जे दिसलं ते लिहिलं. त्या सहीचा पुढे या लोकांनी जो वापर केला तो आठवला की आजही माझे कान तापतात.

संध्याकाळी मी रडत त्यांच्या घरी गेले आणि खलल्याचं सांगितलं. मला वाटलं, आता हाकलतील.

“किती वेळ खललंस?”

“चाळीस मिनिटं. दोन्ही.”

“एकाच खलात? आधी कोणता?”

“आधी नव्या बाटलीतला. मग चांगला.”

“मध्ये धुतलास?”

“पुसला फक्त.”

सर उभे राहिले. मी मागे सरकले. त्यांचा चेहरा मुंज लागलेल्या मुलासारखा झाला होता. “अगं, म्हणजे खलल्याने बदलतं! विरजण लागल्यासारखं! वाईटाचा कण खलात राहिला आणि चांगलं त्याच्यासारखं घट्ट होत गेलं! मग कारखान्यात दुसरं काय झालं असेल? त्यांनी दळलं असेल, जास्त बारीक हवं म्हणून जास्त वेळ दळलं असेल! आम्ही चार महिने डोकं खाजवतोय आणि तू एका सकाळी...” ते आत वळून बायकोला ओरडले, “अहो, चहा टाका, आमच्या पोरीने कारण शोधून काढलं!”

जी चूक मी आयुष्यातली सगळ्यात मोठी समजून आले होते, तिच्यासाठी मला चहा मिळाला.

पुढचे तीन दिवस आम्ही चांगला नमुना दहा, वीस, तीस, चाळीस मिनिटं खलून मोजला. रेघेची मोड पायरी-पायरीने सरकत वाईटाच्या जागी जाऊन बसली. सरांनी सगळं लिहून प्राचार्यांकडे नेलं. मीही बरोबर माझं कबुलीचं पत्र घेऊन गेले.

प्राचार्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, माझ्याकडे सरकवलं. “तुझ्या नावाने लिहू? ‘विद्यार्थिनीने नमुन्यात फेरफार केला’ असं विद्यापीठाला कळवू? वडील केळीचे घड विकून तुला शिकवतात ना?” ज्यांनी स्वतः ‘नीट करून ठेव’ म्हणून सांगितलं तेच हे बोलत होते.

सरांनी माझं पत्र उचलून खिशात घातलं. टेबलावरच्या कोऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं : नमुना माझ्या हातून खलला गेला.

“सर, पण...” मी म्हणाले.

“तू गप्प बस. परीक्षा जवळ आलीय.”

त्यांना वाटलं, आता पुन्हा मोजायला बोलावतील. पुन्हा मोजणं हेच त्यांना एकमेव उत्तर माहीत होतं. पण संस्थेने कळवलं की अहवाल पूर्ण झाला आहे, आणि प्राध्यापकांनी नमुना बिघडवल्याचं स्वतः कबूल केल्याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात घेण्यात येत आहे. लेखी माफी त्यांनी मागितली नाही. तेवढ्यावरून त्यांची खोली काढून घेतली आणि उपकरण माळ्यावर टाकलं.

त्या खेपेच्या बाटल्यांचं काय झालं? काही नाही. त्या विकल्या गेल्या. शिरपूरच्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या बाजूला काढल्या. सर आणि नाना दर रविवारी एसटीने खेड्यांत जायचे, दवाखान्यात, दुकानात खेपेचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्यायचे. कुणी घेतली, कुणी तिच्यात भजी बांधली. पुढच्या वर्षी नानांनी एका दुपारी उपकरण गुपचूप माळ्यावरून उतरवून दिलं, तेव्हा नव्या खेपेच्या बाटल्यांची रेघ पुन्हा जिथे हवी तिथे मोडली. कंपनीने पत्राला उत्तर दिलं नव्हतं, पण दळण बदललं होतं. म्हणजे त्यांनी पत्र वाचलं होतं! समजलंही होतं! आणि तरीही आधीची खेप शेवटच्या बाटलीपर्यंत विकू दिली. त्या उन्हाळ्यात किती पोरांचा ताप त्यामुळे रेंगाळला, त्यातली किती उठली नाहीत, मला माहीत नाही. कुणी मोजलंच नाही. मोजणाऱ्याचा मीटर माळ्यावर होता.

मी पास झाले आणि त्याच कॉलेजात हंगामी शिकवायला लागले. तिथे मी एकच वर्ष टिकले. त्या वर्षी सर निवृत्त झाले.

निरोपाचा कार्यक्रम हॉलमध्ये होता. शाल, नारळ, हार. कार्यालयातले लिपिक कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होते, तशी संस्थेची पद्धतच होती. अध्यक्ष बोलायला उठले. सरांची साधी राहणी, सरांचा पाण्याचा नाद, लोक हसले. मग अध्यक्ष म्हणाले, “सरांच्या हातून एकदा एक चूक झाली होती. नमुना बिघडला, संस्था अडचणीत आली. पण आपण ती मोठ्या मनाने पोटात घातली.”

टाळ्या वाजल्या. सर खाली मान घालून नारळाच्या शेंडीशी चाळा करत होते.

मी कधी उभी राहिले ते मला आठवत नाही. दुसऱ्या रांगेत होते. पुढे जाऊन मी माईक धरला आणि म्हणाले, “सरांनी काही बिघडवलं नाही. नमुने मी खलले. प्राचार्यांनी नीट करून ठेव म्हणून सांगितलं होतं, आणि हे मी त्यांना त्याच आठवड्यात लेखी दिलं होतं.”

माईक बंद झाला. प्राचार्य पुढे झुकून म्हणाले, “बाई, बसा. आजचा दिवस आनंदाचा आहे. चहा घेऊ या.”

मागच्या दारातून नानांचा आवाज आला, “बोल माय, बोल! माईक नही ते नही, आमले कान शेतस!”

मी ओरडून बोलले. माझा आवाज फाटत होता. खेप, बाटल्या, शिरपूरची मुलं, तीन दिवसांचं मोजमाप, सगळं एकात एक गुंतून बाहेर येत होतं. “दोन्ही नमुने मी खलले, म्हणून दोन्ही रेघा सारख्या आल्या...”

“थांब,” सर म्हणाले.

ते उठले होते. मला वाटलं, आता तेही बस म्हणणार, झालं गेलं म्हणणार.

“असं नाही सांगायचं,” ते वर्गात बोलत तसं बोलले. “क्रम सांग. आधी कोणता खललास?”

“आधी नव्या बाटलीतला, सर. मग चांगला.”

“खल?”

“नुसता पुसला. धुतला नाही.”

“वेळ?”

“चाळीस-चाळीस मिनिटं.”

“हं. आता बरोबर.” मग ते कोपऱ्यातल्या लिपिकांकडे वळले. “अण्णा, लिहून घ्या. या क्रमानेच.”

अण्णांनी प्राचार्यांकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं. पेन हातात तसंच होतं. कुणीतरी कपबशा आणत होतं ते दारातच थबकलं. सर हारासकट उभे होते, घाई नव्हती त्यांना. अण्णांचं पेन कागदाला टेकून चालायला लागेपर्यंत ते खाली बसले नाहीत.